मामांचा अडकलेला ढेकर

जेवण झालं की माझे मामा ताटावरच एक लांबलचक ढेकर द्यायचे. मामीसाठी तो स्वयंपाकाचा निकाल असायचा. फेब्रुवारीत नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांचं ॲसिडिटीचं ऑपरेशन झालं. पंधरा वर्षांची जळजळ थांबली, रात्री घशाशी येणारं आंबट पाणी थांबलं आणि ढेकरही थांबला. असं होऊ शकतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझा राग आहे तो एवढ्यावरच.

या ऑपरेशनला फंडोप्लिकेशन म्हणतात. जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळायचा आणि टाके घालायचे. रुडॉल्फ निसेन या सर्जनने ते १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिल्यांदा केलं. १९९१ पासून ते दुर्बिणीतूनही होतं. निसेनचा वेढा पूर्ण ३६० अंशांचा. टुपे पद्धतीत तो साधारण २७० अंशांवर थांबतो, म्हणून गिळायला आणि ढेकर द्यायला थोडी मोकळीक राहते.

मग ढेकर का अडकतो? प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा पोटात जातेच. तिने जठराचा वरचा भाग ताणला की अन्ननलिकेच्या तळाची झडप काही सेकंद आपोआप सैल पडते आणि हवा वर निघते. गंमत अशी, की बऱ्याच लोकांत आम्लही याच सैल पडण्याच्या वेळी वर चढतं. म्हणजे ढेकराचं दार आणि ॲसिडिटीचं दार एकच. सर्जनने ते आवळलं की दोन्हींची वाट अडते. हवेला मग खालचाच रस्ता उरतो. मामा हल्ली पाहुणे आले की गॅलरीत का जातात, ते यावरून समजून घ्या.

पहिल्या महिन्यात मामांनी एक चूक केली, जी पुष्कळ जण करतात. पोट फुगलं की मान पुढे काढून, घसा दाबून ते ढेकर ‘काढायला’ बसायचे. अशा वेळी बाहेरची हवा अन्ननलिकेत ओढली जाते, तिथूनच आवाज करत परत येते आणि उरलीसुरली पोटात उतरते. ढेकर दिल्याचं समाधान मिळतं, पोट मात्र आणखी फुगतं. ऑपरेशननंतर पोटातून येणारे ढेकर कमी होतात आणि हे वरच्यावर फिरणारे वाढतात, असं मोजमापांतही दिसलं आहे. उपाय म्हणजे ती खटपट सोडणं आणि पोटाने सावकाश श्वास घेणं. लिंबू सोडा बंद, स्ट्रॉने पिणं बंद. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तोही बंद, कारण तो तोंडात असला की माणूस दिवसभर लाळ गिळतो आणि लाळेबरोबर हवाही. खर्रा सोडणं मामांना ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

गिळण्याचा त्रास वेगळा. मामी वैतागून म्हणायची, “अहो, पाणी तं उतरून राहिलं ना, मंग पोळी काहून अडकून राहिली?” टाक्यांभोवती सूज असते, म्हणून वाट अरुंद होते. पाणी त्यातून निसटतं. कोरडी पोळी, ब्रेड, मटणाचा तुकडा तिथेच बसतो. सूज बहुधा दोन-तीन महिन्यांत उतरते. तोवर पेज, मऊ भात, पातळ वरण, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, तेही बसून. घास अडकला तर वरून पाणी ढोसू नये, उभं राहून थोडं थांबावं. तीन महिन्यांनंतरही अडकत असेल तर बेरियमचा एक्स-रे आणि एंडोस्कोपी करतात. कधी फुग्याने वाट रुंद करावी लागते, क्वचित दुसरं ऑपरेशन.

सुरुवातीला खांदाही दुखतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पडद्याला, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूला, टोचतो; त्या पडद्याची आणि खांद्याची नस मानेतून एकाच ठिकाणाहून निघते, म्हणून मेंदूची गल्लत होते. दोन-तीन दिवसांत हे जातं.

जड उचलणं महिना-दीड महिना बंद. नागपुरात याचा अर्थ कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं नाही. मार्चअखेर मामांनी अर्धी बादली उचललीच, मामीने ती हातातून काढून घेतली. ओकाऱ्या आणि उचक्यांचे झटकेही पहिल्या आठवड्यांत वाईट. त्या जोराने टाके सुटू शकतात किंवा वेढा पडद्याच्या भोकातून वर छातीत सरकतो. म्हणून मळमळ वाटताच डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं. छातीत किंवा पोटाच्या वर अचानक जोराची कळ आणि कोरड्या ओकाऱ्या, ताप, काळी शौच, थुंकीही गिळता न येणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता तडक इमर्जन्सीत जायचं.

जेवणानंतर घाम, धडधड, जुलाब होत असतील तर जठर फार लवकर रिकामं होत असेल. ऑपरेशनच्या वेळी जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नसेला धक्का बसला तरी असं होतं. उपाशीपोटी संत्र्याचा गोड रस प्यायला की हे वाढतं. रस सोडून फोडी खाव्यात, त्याही जेवणानंतर.

जळजळ परत आली म्हणून जुनी गोळी आपल्याच मनाने सुरू करू नये. छातीत जळतं ते दरवेळी आम्लच असतं असं नाही; अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणाऱ्या चोवीस तासांच्या पीएच तपासणीत ते कळतं.

मामा आता चौथ्या महिन्यात आहेत. परवा घरी तर्री-पोहे केले होते. त्यांनी तर्री नको म्हणून पोहे भिजवून घेतले, वाटीभर खायला पस्तीस मिनिटं लावली आणि उठताना मामीकडे बघून म्हणाले, “मस्त झाले होते.” आता निकाल तोंडी सांगावा लागतो.