एडिशन म्हणजे नेमके किती? कुसामांच्या छोट्या भोपळ्यांची पार्श्वभूमी

जपानी कलावंत यायोई कुसामांचा तळहातावर मावणारा रेझिनचा भोपळा लिलावाच्या यादीत ‘मल्टिपल’ (एकाच रचनेच्या अनेक प्रती) या सदरात येतो आणि तपशिलात बारीक अक्षरांत ‘ओपन एडिशन’, म्हणजे संख्येची मर्यादा नसलेली आवृत्ती, असे लिहिलेले असते. घोळ सुरू होतो तो इथे. घाईत ‘ओपन’ निसटते, ‘एडिशन’ तेवढे डोक्यात राहते आणि संग्राहक मर्यादित संख्येच्या शिल्पाची किंमत मोजून बसतो.

सुटी वस्तू लोकांच्या हाती देण्याची कुसामांची खोड जुनी. १९६६ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी हिरवळीवर १,५०० आरसेदार गोळे मांडले आणि १,२०० लिराला एक या दराने विकायला काढले. आयोजकांनी विक्री बंद पाडली. १९९३ मध्ये तिथेच, पण जपानच्या अधिकृत दालनात, त्यांनी प्रेक्षकांना छोटे भोपळे वाटले. पुढच्या वर्षी जपानमधल्या नाओशिमा बेटाच्या धक्क्यावर मोठा पिवळा भोपळा बसला. ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो समुद्रात गेला आणि फुटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच जागी नवा आला.

बाजारात सर्वाधिक फिरणारा छोटा भोपळा याच बेटावरच्या प्रकाशकाने काढलेला. उंची साधारण १० सेंटिमीटर, रंग पिवळा-काळा किंवा लाल-पांढरा, तळाला कुसामांच्या नावाचा छाप आणि सोबत मूळ खोका. क्रमांक नाही, हाताची सही नाही. कुसामांच्या स्टुडिओचे नोंदणीकार्ड मूळ कामांना मिळते. ते या भोपळ्यासोबत ‘आहे’ असे विक्रेता सांगत असेल, तर संशय वाढायला हवा.

आपल्याकडे पुस्तकाची पुढची आवृत्ती मागणी असली की निघते, आणि दहावी आवृत्ती हे भूषण मानले जाते. शिल्पात नेमके उलटे. तिथे आवृत्ती म्हणजे आधीच घातलेली वेसण. फ्रेंच रिवाजाप्रमाणे एका साच्यातून जास्तीत जास्त १२ प्रती: १/८ ते ८/८ अशा आठ, आणि कलावंतासाठी राखलेल्या, रोमन आकड्यांच्या चार. ओपन एडिशनला अशी वेसण नाही. ती पुस्तकाच्या जातीची आहे. प्रकाशकाला वाटेल तेव्हा पुढची खेप निघू शकते. त्यामुळे ‘आता मिळत नाही’ हे वाक्य आजपुरते खरे असते, इतकेच.

हा केवळ शब्दच्छल नाही, कारण कस्टमही हाच प्रश्न विचारते. आयात मालाच्या कस्टम वर्गवारीत मूळ शिल्पांचे शीर्षक (वर्ग क्रमांक) ९७०३. पण त्या प्रकरणाच्या टिपेप्रमाणे घाऊक उत्पादित प्रतिकृती त्यात बसत नाहीत, रचना कलावंताची असली तरी. मग, रेझिन प्लास्टिकमध्येच मोडत असल्याने, प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तूंचे ३९२६.४० लावले जाण्याची शक्यताच जास्त. विक्रेत्याने बिलावर नुसते ‘स्कल्प्चर’ लिहिले की पार्सल अडते आणि खुलासे खरेदीदाराला करावे लागतात. बिलावर ‘रेझिन, ओपन एडिशन’ असे स्वच्छ लिहून घ्यावे. सोय म्हणून नव्हे, वस्तू खरोखर तीच आहे म्हणून.

नकली मालाचा सुळसुळाट आहे. आधी ठिपके पाहावेत: प्रत्येक फाकेच्या मध्यावरून मोठ्या ठिपक्यांची उभी ओळ उतरते, खाचेकडे ते बारीक होत जातात. नकलेत ठिपके एकसारखे येतात किंवा खाच ओलांडतात. तळाच्या छापाऐवजी कागदी चिकटपट्टी असेल तर पुढे जाऊच नये. खोका नसलेला नग खराही असू शकतो, पण विकताना तोच कमी भावात जातो.

अस्सल नगही सांभाळताना बिघडतो. थेट उन्हात रंग उतरतो, लाल विशेष लवकर. सॅनिटायझर किंवा थिनर लागला तर ठिपक्याचा रंग पुसायच्या बोळ्यावर येतो. कोरडा मऊ ब्रश पुरे. सगळ्यात फसवा बबल रॅप: उन्हाळ्यात तो रंगाला थेट चिकटून राहिला की गोल वळ उमटतात, आणि मुळात ठिपक्यांच्याच वस्तूवर ते लवकर लक्षातही येत नाहीत. आधी आम्लरहित टिश्यू, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.