अंगणवाडीच्या आधीचं अंगण

शाळाप्रवेशाचे दिवस आले की गल्लोगल्ली फ्लेक्स लागतात : एसी वर्ग, सीसीटीव्ही, इंग्रजी संभाषण आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘आपल्या पाल्याचा सर्वांगीण विकास’. शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्याच्याकडे कुणी बघतही नाही. एका काळी मात्र त्याचा अर्थ अगदी साधा होता. पोर आधी न्हायला हवं, त्याच्या पोटात काही जायला हवं, त्याच्या कडेवरचं भावंड कुणीतरी धरायला हवं. मग अक्षरं.

हा अर्थ आपल्याकडे घडला तो डहाणूच्या पट्ट्यात. तिथवरची वाट मात्र रोमहून निघते. 6 जानेवारी 1907 रोजी इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरींनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट असणारी मुलं तिथं येत. पुढे जगभर माँटेसरी शाळा पैसेवाल्यांच्या झाल्या, हे जरा चमत्कारिकच. मुळात ती सोय गिरणी-मजुरीवाल्यांच्या पोरांसाठी होती.

हीच पद्धत घेऊन गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांचं बालमंदिर सुरू झालं. मारू नये, भीती घालू नये, बक्षिसांची लालूच दाखवू नये, या त्यांच्या गोष्टी तेव्हा पालकांना वेडगळ वाटत. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य ताराबाई मोडक ती नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या. 1926 साली भावनगरलाच नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि 1936 साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभं राहिलं. तिथं चांगलं काम झालं, पण ते पांढरपेशांच्या मुलांपुरतं. पोरांना वेळेवर डबा देणारी आई आणि स्वच्छ झबलं घरातच असेल, तर बालशिक्षणाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. ताराबाईंना हे टोचत होतं.

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हाताच्या कामातून शिकवायचं, या गांधीजींच्या नई तालीमचा विचार तोवर सात वर्षांच्या खालच्या मुलांपर्यंत पोचला होता, त्याचाही त्यात हात होता. जोडीला आल्या अनुताई वाघ : बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या, पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकवलेल्या. काळ कसला होता तेही ध्यानात घ्यायला हवं. त्याच वर्षी डहाणू-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा पेटला होता. आईबाप जमीनदाराच्या शेतावर राबत आणि पोरं त्याची गुरं राखत. अशा ठिकाणी बालवाडी म्हणजे काय करायचं?

घंटा वाजवून मुलं येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली. कुणाच्या तरी घरापुढचं शेणानं सारवलेलं अंगण हाच वर्ग झाला, आणि अंगणातली वाडी म्हणून अंगणवाडी. पहिला धडा पाण्याचा. मुलांना धुवायचं, नखं काढायची, केस विंचरायचे. आया दारातून बघत. आज कुणी म्हणेल, हे काय शिक्षण? पण ज्या पोराच्या अंगाला खरूज आहे, त्याचं लक्ष ठोकळ्यात कसं लागणार? माँटेसरीची पॉलिश केलेली लाकडी साधनं तिथं परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. त्यांच्या जागी शिंपले आले, चिंचोके, खडे, पानंफुलं आली. लहानमोठं लावणं, जोड्या जुळवणं, मोजणं सगळं त्यांच्यावर होई. बोर्डीला समुद्र शेजारीच, तेव्हा शिंपल्यांना तोटा नव्हता.

1957 साली काम जवळच कोसबादच्या टेकडीवर गेलं. इथं खरी अडचण पुढे आली. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. तिला रागावून उपयोग नाही, भावाची सोय लावायला हवी. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी विकासवाडी आकाराला आली. ताई येताना भावंडं घेऊन येई, धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. मुलाचा विकास अख्खा धरायचा तर अख्खं घर धरावं लागतं, हे त्या रचनेत होतं.

त्याच धर्तीची कुरणशाळा. गुराख्याचं पोर शाळेत आलं तर गुरं कोण बघणार? म्हणून शिक्षकच फळा घेऊन कुरणात जाई. एक डोळा गुरांवर ठेवून पोरं झाडाखाली शिकत. मला या सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत आवडतो, कारण इथं मुलाला काहीच सोडायला सांगितलेलं नाही.

ताराबाई 1973 साली गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारनं देशभरात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), मातांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर हे कोसबादचंच रूप. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत.

यादीतला शिक्षणाचा क्रमांक शेवटचा, आणि प्रत्यक्षातही त्याची तीच गत झाली. याला कुणाचा दुष्टपणा कारण नाही. कुपोषणानं मूल दगावलं की बातमी होते, रंग ओळखायचं राहून गेलं तर होत नाही. शिवाय वजन मोजता येतं आणि खाऊची पाकिटंही मोजता येतात. तुळईला टांगलेल्या काट्याच्या झोळीत पाय हलवत लोंबकळणारं पोर, त्याच्याकडे बघत रजिस्टरात आकडा घालणारी सेविका आणि चुलीपाशी मदतनीस, हे चित्र बहुतेक अंगणवाड्यांत ओळखीचं. सेविकेचं पद ‘मानसेवी’, म्हणजे पगार नाही, मानधन. गोष्ट सांगायला, मातीचे बैल करायला तिच्याकडे वेळ कितीसा उरणार? आणि ‘तिथं काही शिकवत नाहीत’ म्हणून दोन पैसे हातात आलेले पालक मुलांना ज्युनियर केजीला नेऊन घालतात. तिथं तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघी वही भरून घेतात. एकीकडे नुसता खाऊ, दुसरीकडे नुसती अक्षरं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र बांधला. 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ आणि गोष्टींना मानाचं पान आहे आणि पंचकोशांची, म्हणजे शरीर, प्राण, मन, बुद्धी, आनंद या पाच थरांची, भाषाही आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ आला : खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते, गोष्टींची पुस्तकं, सगळं एका पेटीत. कल्पना चांगली आहे. पण पेटीतलं खेळणं तुटलं की हिशेब द्यावा लागेल, या धास्तीनं ती पेटी कपाटात कुलूपबंद राहायला वेळ लागणार नाही. बोर्डीला शिंपला फुटला तर पोरगं पळत जाऊन दुसरा आणत असे.