‘इन द कंपनी ऑफ एंजल्स’ : मंडळीच्या गाण्याकडे वळलेला बँड

2001 साली ‘केडमन्स कॉल’ या अमेरिकी ख्रिस्ती बँडचा ‘इन द कंपनी ऑफ एंजल्स : अ कॉल टू वर्शिप’ हा अल्बम आला. तोवर या बँडची ओळख होती ती कान देऊन ऐकायच्या गाण्यांसाठी. अकूस्टिक गिटारींच्या साथीवर, शब्दांनी गच्च भरलेली, शंका आणि कृपा यांच्याशी झटापट करणारी ती गाणी कॉलेजांच्या सभागृहांत गाजत होती. या अल्बममध्ये मात्र त्यांनी रविवारच्या उपासनेत सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या सगळ्यांना, म्हणता येतील अशी गाणी घेतली. मंचावरून ऐकवायचं गाणं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं यांची घडणच वेगळी असते. पहिल्या प्रकारात मुरलेला फोक-रॉक (लोकगीताच्या वळणाचं रॉक) बँड दुसऱ्या प्रकाराकडे का वळला, याची मुळं बरीच मागे जातात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या बायबलमधली स्तोत्रं छंदात बसवून गात. पुष्कळ ठिकाणी एक जण ओळ सांगे आणि बाकीचे ती ओढत ओढत म्हणत. आयझॅक वॉट्स (1674–1748) यांना हे निर्जीव वाटलं. 1707 मध्ये त्यांनी स्वतःच्या रचनांचा संग्रह छापला आणि ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ताविषयी स्वतःच्या शब्दांत गावं, ही गोष्ट इंग्रजी उपासनेत रुजवली. या रचना ठरावीक छंदांत असत. त्यामुळे एका छंदातले शब्द त्याच छंदाच्या दुसऱ्या चालीवर सहज म्हणता येत, आणि गीतपुस्तकांत पुष्कळदा फक्त शब्दच छापलेले असत. आपल्याकडे तुकोबांचा एकच अभंग वेगवेगळ्या भजनी मंडळांत वेगवेगळ्या चालींवर ऐकू येतो, तशीच ही व्यवस्था. शब्द टिकतात, चाल काळाप्रमाणे बदलते. 2001 च्या या अल्बमचं मर्म मला याच व्यवस्थेत दिसतं.

दुसरा धागा 1960 च्या दशकातला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) कॅथलिक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आणायला वाट दिली, आणि अमेरिकेत गिटारवरच्या ‘फोक मिस्सा’ सुरू झाल्या. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी तरुण येशूकडे वळू लागले. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपल या चर्चचे पाळक (धर्मगुरू) चक स्मिथ यांनी या लांब केसांच्या, अनवाणी पोरांना दार उघडलं. त्यांनी आपलं संगीत बरोबर आणलं होतं, आणि ते होतं फोक-रॉक. उपासनेसाठी म्हणून कुणी ते मुद्दाम निवडलं नव्हतं. त्यांना येत होतं तेच त्यांनी देवापुढे म्हटलं. 1971 मध्ये या मंडळीतून ‘मॅरनाथा! म्युझिक’ ही कंपनी उभी राहिली.

ऑर्गनच्या जागी गिटार आली तेव्हा जाणत्यांनी नाकं मुरडली. तरी मला वाटतं, गिटार मंडळीच्या गाण्याला पोषकच होती. ती स्वस्त असते, कुठेही नेता येते, तीन-चार कॉर्ड शिकलेला पोरगा शंभर माणसांना सूर देऊ शकतो. फोक गाण्याचा पल्लाही साधारण गळ्याला झेपेल असा असतो.

पुढे मात्र या संगीताला दोन फाटे फुटले. एक फाटा नॅशव्हिल या अमेरिकी संगीत-उद्योगाच्या शहराकडे गेला. तिथे रेकॉर्ड कंपन्या, ख्रिस्ती रेडिओ, दौरे, पुरस्कार असा मोठा व्यवसाय तयार झाला. यात गायक गातो आणि श्रोते ऐकतात. दुसरा फाटा मंडळ्यांमध्येच राहिला: छोटे, पुन्हा पुन्हा म्हणायचे कोरस, आधी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर आणि नंतर पडद्यावर. मॅरनाथाने 1974 पासून अशा कोरसांचे संग्रह काढले. 1980 च्या दशकात जॉन विम्बर यांच्या व्हिनयार्ड मंडळ्यांनी त्यांना जिव्हाळ्याचा, देवाशी थेट बोलणारा सूर दिला.

या दुसऱ्या फाट्याचं अर्थकारण एका खटल्याने बदललं, आणि ते कळल्याशिवाय पुढची लाट कळत नाही. गाणी पडद्यावर आणि झेरॉक्सच्या कागदावर आल्यावर गीतपुस्तक विकत घेण्याची गरज उरली नाही. एफ. ई. एल. पब्लिकेशन्स या प्रकाशकाने शिकागोच्या कॅथलिक आर्चडायोसीसवर (धर्मप्रांतावर) 1976 मध्ये दावा लावला: आमची गाणी परवानगीशिवाय छापून वाटली जातात. 1984 मध्ये ज्यूरीने प्रकाशकाला 30 लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. तो आकडा पुढच्या अपिलांत टिकला नाही, पण देशभरच्या चर्चना धास्ती बसली. ओरेगनमधल्या पोर्टलंडचे हॉवर्ड राचिन्स्की यांनी यावर तोडगा काढला. चर्चने आपल्या आकाराप्रमाणे वर्षाला शुल्क भरायचं, कोणती गाणी म्हटली ते कळवायचं आणि त्यानुसार गीतकारांना मानधन जायचं. 1988 पासून हा परवाना सीसीएलआय (ख्रिश्चन कॉपीराइट लायसन्सिंग इंटरनॅशनल) या नावाने चालतो.

कायद्याचा प्रश्न तर सुटलाच. शिवाय कोणत्या गाण्याला मंडळ्यांत किती मागणी आहे याची नोंद होऊ लागली आणि ते गाणं लिहिणाऱ्याला नियमित उत्पन्न मिळू लागलं. मंडळीच्या गाण्याला बाजार मिळाला. त्यामुळे सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही. कोणत्याही पाठबळाशिवाय लिहिणाऱ्या कितीतरी गीतकारांना यातून जगता आलं. पण पटकन उचलता येणाऱ्या, कमी शब्दांच्या गाण्यांना त्याने बळ दिलं, हेही खरं.

1990 च्या दशकात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातून नव्या उपासनागीतांची भरती आली. अमेरिकेत 1997 पासून लुई गिग्लिओ यांच्या ‘पॅशन’ मेळाव्यांत कॉलेजची मुलं हजारोंनी एकत्र गाऊ लागली. मग नॅशव्हिलच्या व्यवसायातले नावाजलेले बँड आणि गायकही उपासनागीतांकडे वळले. थर्ड डे या बँडचा उपासनेचा अल्बम 2000 मध्ये आला. गायक मायकेल डब्ल्यू. स्मिथ यांचा 11 सप्टेंबर 2001 रोजी, म्हणजे न्यूयॉर्कवर हल्ला झाला त्याच दिवशी दुकानांत आला. ‘सिटी ऑन अ हिल’ या 2000 च्या सामूहिक अल्बममध्ये थर्ड डेच्या मॅक पॉवेलबरोबर केडमन्स कॉलचे क्लिफ आणि डॅनिएल यंग गायले, आणि ते गाणं बघता बघता मंडळ्यांत पसरलं.

केडमन्स कॉल टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो जमला. क्लिफ यंग हे तिथल्या सेकंड बॅप्टिस्ट चर्चचे तेव्हाचे पाळक एड यंग यांचे चिरंजीव. मंडळीला गाण्यात पुढे नेणं त्यांना नवं नव्हतं. डॅनिएल, डेरेक वेब आणि क्लिफ हे तीन वेगळ्या जातीचे आवाज, ड्रम्सवर टॉड ब्रॅग आणि त्यांच्या जोडीला हाताने वाजवायच्या तालवाद्यांवर गॅरेट ब्यूएल. या तालवाद्यांमुळे बँडला अंगणातल्या बैठकीचा मोकळेपणा आला. सुरुवातीची बरीच गाणी आरन टेट यांनी लिहिली. ते मंचावर येत नसत. सगळं स्वतःच्या कर्तृत्वाने नव्हे तर कृपेने मिळतं, हा प्रोटेस्टंटांमधल्या रिफॉर्म्ड परंपरेचा विश्वास या गाण्यांच्या मुळाशी आहे.

बँडचं नाव सातव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नेतं. बीड या मठवासी इतिहासकाराने 731 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात केडमनची हकिकत येते. उत्तर इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या मठात हिल्ड या मठाध्यक्षा असताना तो गुरं राखायचा. मेजवानीत हार्प हे तंतुवाद्य हातोहात फिरायचं आणि प्रत्येकाने गायचं अशी रीत. केडमनला गाणं येत नसे. हार्प जवळ येताना दिसली की तो उठून निघून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात झोपला असताना स्वप्नात कुणीतरी त्याला गायला सांगितलं. काय गाऊ, म्हणाला. सृष्टीच्या आरंभाविषयी गा, असं उत्तर मिळालं, आणि तो गायला. नंतर मठातले लोक त्याला बायबलमधल्या कथा सांगत आणि तो रवंथ करणाऱ्या शुद्ध प्राण्यासारखा त्या मनात घोळवून त्यांची कवनं करी, असं बीडच लिहितो. केडमनच्या नावावरच्या नऊ ओळी उरल्या आहेत. जुन्या इंग्रजीतल्या सर्वांत प्राचीन ज्ञात कवितांत त्यांची गणना होते. ज्याला गाता येत नव्हतं त्याला गाणं मिळाल्याची ही गोष्ट आहे. असं नाव मिरवणारा बँड कधीतरी मंडळीच्या गाण्याकडे वळणारच, असं मला मनापासून वाटतं.

2001 च्या अल्बमवर त्या वर्षांच्या लाटेचा परिणाम आहेच. पण या बँडने त्या लाटेत एक जुनी गोष्ट आणली. नॅशव्हिलच्या बेलमाँट विद्यापीठात केव्हिन ट्विट हे विद्यार्थ्यांमध्ये काम करणारे पाळक जुन्या गीतपुस्तकांतले विसरलेले शब्द शोधून मुलांना नव्या चाली लावायला प्रोत्साहन देत होते. त्यातून ‘इंडेलिबल ग्रेस’चा पहिला अल्बम 2000 मध्ये निघाला. सँड्रा मॅक्रॅकन यांच्या चाली याच वर्तुळातल्या. केडमन्स कॉलने त्यातल्या काही उचलल्या. जॉन स्टॉकर यांचं 1776 मध्ये छापलेलं देवाच्या दयेवरचं गीत मॅक्रॅकन यांच्या चालीवर इथे येतं, आणि आयझॅक वॉट्स यांचे शब्दही येतात. स्वतःच्या पुण्याईची बढाई सोडून देणारे वॉट्सचे ते शब्द अकूस्टिक गिटारीवर ऐकले की तीनशे वर्षांचं अंतर जाणवत नाही.

अल्बमचं खरं बळ मला या गीतांतच दिसतं. त्यांत पाप आहे, भीती आहे, कबुली आहे, आणि मग सुटका आहे. त्या काळच्या बहुतेक कोरसांत थेट सुटकेपासून सुरुवात व्हायची. शब्दबंबाळ गाणी लिहिणाऱ्या बँडला मंडळीसाठी गाताना शब्दांची श्रीमंती सोडावी लागली नाही, कारण वॉट्स-स्टॉकर यांनी ती आधीच छंदात बांधून ठेवली होती.

मराठी ख्रिस्ती वाचकाला यात ओळखीचं काहीतरी आढळेल. 1813 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत सुरुवातीला भाषांतरित गीतं पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहून मंडळीला आपल्या मातीतल्या चालीवर गातं केलं. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतपुस्तक उघडलं की दोन्ही परंपरा शेजारी शेजारी दिसतात. दिशा वेगळी, पण प्रश्न तोच: विश्वास जुना ठेवून गळा कुणाचा वापरायचा?

बँडचा भारताशी थेट संबंध पुढे आला. भारत, इक्वेडोर आणि ब्राझील इथल्या प्रवासांतून, तिथल्या वादकांना सोबत घेऊन, त्यांनी 2004 मध्ये ‘शेअर द वेल’ हा अल्बम केला. त्यात दलितांच्या लढ्यावर गाणी आहेत आणि मुंबईच्या पावसावरही एक आहे. विहीर वाटून घेण्याची हाक देणारं शीर्षक टेक्सासच्या श्रोत्याला रूपक वाटलं असेल. 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ठाऊक असणाऱ्याला त्यात रूपक शोधावं लागत नाही. दूरच्या देशातल्या दुःखावर गाताना पाहुण्याची नजर येतेच, आणि ती या अल्बममध्येही आहे. तरी अमेरिकेतल्या ख्रिस्ती रेडिओसाठी काम करणाऱ्या बँडने 2004 मध्ये जातीबद्दल गायचं ठरवलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

दरम्यान डेरेक वेब एकट्याने गाण्यासाठी बाहेर पडले होते आणि अँड्र्यू ओसेंगा बँडमध्ये आले होते. उपासनागीतांचा दुसरा भाग, ‘द वर्ल्ड विल सिंग’ या उपशीर्षकाने, 2006 मध्ये आला. त्यानंतरच्या दशकात बँजो, मॅन्डोलिन घेऊन उपासनागीतं करणारा उत्तर आयर्लंडचा ‘रेंड कलेक्टिव्ह’ पुढे आला आणि फोक-रॉक उपासनेचा श्रोतावर्ग कितीतरी वाढला. स्टॉकर यांच्या दयेच्या गीताला लागलेली ती चाल मात्र अल्बमपेक्षा जास्त टिकली. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (रिफॉर्म्ड परंपरेतल्या) मंडळ्यांत ती रविवारी म्हटली जाते, आणि म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना केडमन्स कॉल हे नावही ठाऊक नसतं.