पीएचा पगार दिसतो, बाकीचा खर्च कुठं जातो : पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, पण हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं, वर्षातून एक अधिवेशन राहिलं, आणि त्यांच्यासोबत स्टेनोही राहिले. मिनिटाला मराठी टायपिंग ३० शब्द, इंग्रजी ४० आणि शॉर्टहँड १०० किंवा १२० चं सर्टिफिकेट असलं की नोकरीची आशा धरता यायची. तो काळ इथंच सोडतो, कारण खरा गुंता शब्दाचा आहे.

सरकारात लघुटंकलेखक, लघुलेखक, स्वीय सहायक ही सगळी वेगवेगळी पदं, प्रत्येकाची वेतनश्रेणी वेगळी. खाजगीत सरसकट ‘पीए’. आता नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरी, मिहान या कारखान्या-कंपन्यांच्या भागात ‘ईए’, म्हणजे एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणून राहिले. ईए म्हणजे साहेबाचा नुसता वेळ सांभाळणारा नाही, साहेबाच्या वतीनं ठरवणारा माणूस, आणि तसा पगार. आपल्याकडं कार्डावरचं नाव बदललं, काम दुप्पट झालं, पगार होता तिथंच.

पगारावरचा खर्च काही लपलेला नसतो. लागू असेल तिथं पीएफ १२ टक्के, २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३, पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी, हे सीए आधीच मांडून देतो. काही मालक २०१७ पासूनच्या २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेलाही ‘छुपा खर्च’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, जी रजा कित्येक महिने आधी कळते तिची सोय करता येते.

छुपा खर्च त्याच वर्षी, १ जुलैला जीएसटीसोबत आला. नोंदणीत मोबाईल नंबर कोणाचा टाकायचा? साहेब साइटवर, फोन उचलत नाहीत, म्हणून कित्येक ठिकाणी पीएचा टाकला, आणि पोर्टलचे ओटीपी त्याच नंबरवर यायला लागले. यावर आजही दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, त्यामुळंच २० तारखेचं रिटर्न वेळेवर जातं, नाहीतर दिवसाचे ५० रुपये लेट फी आणि भरायच्या रकमेवर १८ टक्क्यांनी व्याज. बरोबर आहे. पण दुसरी बाजू आयटी कायदा २००० चं कलम ४२ दाखवते, ते सांगतं की डिजिटल सहीची किल्ली ज्याच्या नावावर आहे त्यानंच ती नीट जपायची. आणि मी एका ऑफिसात ड्रॉवर उघडा पाहिला, आत तीन भागीदारांच्या डिजिटल सहीचे तीन डोंगल, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नाव अन् त्याच्याच खाली पिन.

भुर्दंड मालकाला अन् पीएला दोघांनाही पडतो, हे मालक लोक बोलतच नाहीत. एका फर्ममध्ये पीए असलेल्या मुलीच्या हळदीचा दिवस नेमका २० तारखेला आला, दोन्ही हात हळदीनं माखलेले, लहान भावानं फोन समोर धरला आणि तिनं मांडवातून ओटीपी वाचून दाखवला. त्याचे पैसे कोणत्याच स्लिपवर आले नाहीत.

२०२० च्या लॉकडाऊननंतर तर बँकेचा माणूस, ट्रान्सपोर्टवाला, जुने व्यापारी सगळे तिच्याच व्हॉट्सअॅपवर. लग्नानंतर ती गावी गेली. साहेबाला पोर्टलचा पासवर्ड आठवेना, तो बदलायचा ओटीपी तिच्याच नंबरवर, मग नंबर बदलायला अर्ज, कागदपत्रं अन् जीएसटी ऑफिसात चकरा. नवीन मुलाला रुजू होऊन महिना झाला, तरी कोणत्या व्यापाऱ्याला कधी फोन करायचा हे तो अजून तिलाच विचारून राहिला, आणि ती बापडी सांगूनही राहिली.