देवाचा कोकरा

देवाचा कोकरा : येशू ख्रिस्ताला उद्देशून ख्रिस्ती धर्मग्रंथात आणि उपासनेत वापरले जाणारे नाव. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूला आपल्याकडे येताना पाहतो आणि म्हणतो, ‘हा पाहा, जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा!’ (१:२९). दुसऱ्या दिवशी तो हे नाव पुन्हा उच्चारतो. ते ऐकून त्याचे दोन शिष्य त्याला सोडून येशूच्या मागे जातात. पाप, बळी आणि तारण या तिन्ही गोष्टी इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य नव्या करारात मला तरी सापडलेले नाही.

मराठीत मेंढीचे पिल्लू म्हणजे कोकरू, ते नपुंसकलिंगी. येशूसाठी मात्र मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी ‘कोकरा’ हे पुल्लिंगी रूप घेतले. म्हणूनच प्रकटीकरणाच्या पुस्तकात ‘कोकऱ्याचे रक्त’, ‘कोकऱ्याचे लग्न’ असे शब्दप्रयोग येतात. ‘ते कोकरू’ म्हटले की डोळ्यांपुढे जनावर येते, ‘तो कोकरा’ म्हटले की माणूस. ग्रीक मुळात लिंगाने साधलेला असा भेद नाही. प्रकटीकरणातला ‘आर्नियॉन’ हा शब्द तर नपुंसकलिंगीच आहे. मराठीने ही सोय आपल्या बळावर केली आणि ती मंडळ्यांच्या तोंडी पक्की बसली.

या नावामागे पहिली आठवण आहे ती वल्हांडणाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाची. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिसर देशातून निघण्याच्या रात्रीची आज्ञा आहे : वर्षाचा, निर्दोष नर निवडावा, संध्याकाळी तो वधावा, एजोब या झुडपाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावावे, त्याचे हाड मोडू नये. रक्त दिसेल ते घर मृत्यू ओलांडून जाईल. वल्हांडण या शब्दातच ते ओलांडणे आहे. यातला एक तपशील सहसा वाचताना निसटतो. कोकरू दहाव्या दिवशी आणायचे आणि चौदाव्या दिवसापर्यंत ठेवायचे. शास्त्र त्याचे कारण देत नाही. पण चार दिवस दाराशी बांधलेले, पोरांच्या हातून पाला खाल्लेले पिल्लू परके राहत नाही, हे ज्याने शेळ्या-मेंढ्या पाळल्या त्याला सांगावे लागत नाही. त्या रात्री घर वाचले ते ओळखीच्या जिवाच्या रक्ताने.

इथे एक अडचण आहे आणि अभ्यासकांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले आहे. वल्हांडणाचे कोकरू पापार्पण, म्हणजे पापाच्या क्षमेसाठी दिलेला बळी, नव्हते. नियमशास्त्रात पापासाठी गोऱ्हा किंवा बकरा येतो. सामान्य माणसाला बकरी किंवा मेंढी चाले. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जात : एकाचा वध होई, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांचे अपराध कबूल करी आणि त्या बकऱ्याला रानात सोडून देत (लेवीय १६). मग पाप हरण करणारे कोकरू आले कुठून? उत्तराचा मोठा भाग यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात आहे. तिथे देवाचा सेवक इतरांचे अपराध वाहतो आणि वधाला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहतो. अरामी भाषेत ‘तल्या’ म्हणजे कोकरूही आणि मुलगा किंवा सेवकही, असेही काही अभ्यासकांनी दाखवले आहे. माझ्या मते योहानाच्या वाक्यात या सगळ्या धारा एकत्र वाहतात, एकच एक मूळ शोधण्याचा हट्ट धरू नये. ‘हरण करणे’ यासाठीचे ग्रीक क्रियापद उचलून नेणे अशा अर्थाचे आहे. त्यात रानात गेलेला तो बकराही दिसतो.

चौथ्या, म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाने हा धागा शेवटपर्यंत नेला आहे. तिथे येशू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात त्याच दिवशी, वधस्तंभावर मरतो. आंबेत (आंबट द्राक्षारसात) भिजवलेला बोळा एजोबावर ठेवून त्याच्या तोंडाशी नेला जातो. शिपाई त्याचे पाय मोडत नाहीत. पहिल्या तीन शुभवर्तमानांत मात्र शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे जेवण आहे, म्हणजे येशू मरतो तेव्हा कोकरे आधीच कापली गेलेली आहेत.

आता ‘देवाचा’ या शब्दाकडे. आपल्याकडे नवसाचा बोकड माणूस देवाला देतो; जगभर बहुतेक ठिकाणी बळीची वाट अशीच खालून वर जाते. या वाक्यात ती उलटी आहे. कोकरा देवाचा, म्हणजे देवाने दिलेला. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात इसहाक बापाला विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? अब्राहाम म्हणतो, देव स्वतः पाहून देईल. तिथे झुडपात शिंगे अडकलेला एडका सापडतो. ख्रिस्ती वाचक मानतात की त्या प्रश्नाचे पुरते उत्तर यार्देन नदीपाशी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या त्या वाक्यात मिळाले. मीही तसेच मानतो.

आणि ‘पाप’ एकवचनी आहे, ग्रीकमध्येही. लॅटिन उपासनेत तेच वाक्य अनेकवचनी झाले : जगाची पापे. मी अनेकवचनात वाढलो. खोटे बोललो, आईला उलट बोललो, अशी यादी करून प्रार्थनेला बसायचो. पुढे सख्ख्या भावाशी चार वर्षे अबोला धरला. त्या काळात यादीत लिहिण्यासारखे एकही कृत्य माझ्या हातून घडत नव्हते; मी फक्त फोन करत नव्हतो. एकवचनाचा अर्थ तेव्हा कळला. ते मोजून कबूल करता येत नाही, कोणीतरी उचलूनच न्यावे लागते.

चित्रकलेत कोकरा प्राचीन काळापासून आहे. 692 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ख्रिस्त कोकराच्या नव्हे तर मनुष्याच्या रूपात रंगवावा असा नियम केला. पश्चिमेने तो मानला नाही. गेंट येथील व्हान आयक बंधूंच्या 1432 मधील वेदीचित्रात कोकरा वेदीवर ताठ उभा आहे, छातीतून रक्ताची धार प्याल्यात पडते आहे. मला अधिक जवळचे वाटते ते स्पेनच्या फ्रान्सिस्को दे झुर्बारानचे, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले लहानसे चित्र. करड्या फळीवर एक कोकरू, चारही पाय दोरीने एकत्र बांधलेले, मागे काळोख. प्रभावळ नाही, वेदी नाही, रक्ताचा थेंबही नाही. लोकरीचा प्रत्येक कुरळा हाताला लागेल असा, पोटाखाली जराशी मळकट. ते अजून जिवंत आहे आणि धडपडत नाही.

प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहानाला (हा त्या पुस्तकाचा लेखक, बाप्तिस्मा करणारा नव्हे) सिंहाची वार्ता मिळते आणि वर पाहतो तो राजासनापाशी कोकरा, ‘वधल्यासारखा’, पण उभा. पुनरुत्थानाने घाव पुसले नाहीत.

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनाविधीत, देवाच्या कोकऱ्याला उद्देशून म्हटली जाणारी प्रार्थना पोप पहिले सर्जियस (687–701) यांनी आणली असे परंपरा सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईसारख्या भागातल्या धर्मग्रामांत (चर्चच्या हद्दींत) ती मराठीतून म्हटली जाऊ लागली. धर्मगुरू भाकर मोडत असतात तेव्हा लोक कोकऱ्याला तीनदा हाक मारतात. दोनदा दया मागतात, तिसऱ्यांदा शांती. तोवर भाकरीचा एक लहानसा तुकडा प्याल्यातल्या द्राक्षारसात पडलेला असतो.