लेख पाठवण्याच्या अटींमागचा इतिहास

सौंदर्यशास्त्राच्या, म्हणजे कला आणि सौंदर्य यांच्या तात्त्विक अभ्यासाच्या, ऑनलाइन नियतकालिकाला लेख पाठवायचा म्हटलं की आधी सूचना वाचाव्या लागतात. लेखकाचं नाव काढलेली फाईल, गोषवारा, बीजशब्द, दोन ओळींत दुप्पट अंतर, चित्रांच्या वापराची लेखी परवानगी, शिवाय प्रत्येक चित्राचं शब्दांत वर्णन. नवख्या लेखकाला हे सगळं कुणीतरी एका बैठकीत ठरवलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात या अटी साडेतीनशे वर्षांत एकेक करून जमत गेल्या. त्यातही सौंदर्यशास्त्राच्या लेखकाला त्या जास्त जाचतात, कारण तो ज्या कलाकृतीविषयी लिहितो तिचे हक्क बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाकडे असतात.

विद्वानांची नियतकालिकं १६६५मध्ये सुरू झाली. जानेवारीत पॅरिसला ‘जुर्नाल दे साव्हां’ निघालं, मार्चमध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. लंडनच्या नियतकालिकात काय छापायचं हे हेन्री ओल्डेनबर्ग हे संपादक स्वतःच ठरवत. १७५२मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेने ते काम एका समितीकडे दिलं आणि १८३०च्या दशकात जाणकारांकडून लेखी अभिप्राय मागवायची पद्धत तिथे पडली. आजच्या परीक्षणाचं एक मूळ तिथे आहे. मात्र ते सगळीकडे सक्तीचं व्हायला विसावं शतक बरंच सरावं लागलं.

सौंदर्यशास्त्राला स्वतःचं व्यासपीठ फार उशिरा मिळालं. जर्मन तत्त्वज्ञ बाउमगार्टन यांनी या शाखेचं नामकरण केलं १७३५मध्ये आणि माक्स डेस्वार यांनी तिच्यासाठी जर्मन नियतकालिक काढलं १९०६मध्ये. मधल्या पावणेदोनशे वर्षांत हे लेखन तत्त्वज्ञानाच्या किंवा कलेतिहासाच्या दारात उभं होतं. डेस्वार यांना तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि कला-अभ्यासक एकत्र आणायचे होते आणि ही सरमिसळ पुढेही टिकली. म्हणूनच या विषयात एकाला तळटिपांचा लळा असतो, तर दुसरा कंसात आडनाव आणि साल देऊन मोकळा होतो. संदर्भ एकाच पद्धतीने द्या, असं संपादक बजावतात ते त्यामुळेच. इंग्रजीत अमेरिकेतलं ‘जर्नल ऑफ इस्थेटिक्स अँड आर्ट क्रिटिसिझम’ १९४१मध्ये निघालं आणि ‘ब्रिटिश जर्नल ऑफ इस्थेटिक्स’ १९६०मध्ये.

दुप्पट अंतराची अट टाइपरायटरच्या काळातली. संपादकाला ओळींच्या मधे पेनाने दुरुस्ती करायला जागा हवी असे. आता दुरुस्त्या पडद्यावर होतात, पण अट बऱ्याच ठिकाणी कायम आहे.

नाव काढण्याची गोष्ट मात्र सरळ नाही. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू न देण्याची प्रथा जुनी आहे. लेखकाचं नाव परीक्षकापासून लपवण्याचा आग्रह साहित्य आणि कलांच्या अभ्यासात मुख्यतः १९७०नंतर धरला गेला. मोठ्या नावांना आणि नामांकित विद्यापीठांना झुकतं माप मिळतं, ही तक्रार त्यामागे होती. अमेरिकन साहित्यसमीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९८८मध्ये याला जाहीर विरोध केला. लेखाचं महत्त्व लेखकापासून, त्याच्या आधीच्या कामापासून वेगळं काढताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कलाकृतीचं मूल्य कलावंतापासून वेगळं करता येतं का, हा सौंदर्यशास्त्राचाच जुना प्रश्न! तरीही मला अनामिक परीक्षणच रास्त वाटतं. नवख्या माणसाचा लेख निदान वाचला तरी जातो, मग भले तो साभार परत येवो. फक्त नाव पहिल्या पानावरून काढून भागत नाही. ‘मी माझ्या आधीच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य, आभाराची टीप आणि फाईलच्या गुणधर्मांत आपोआप नोंदलं गेलेलं नाव, तिन्ही चुगली करतात.

खरा बदल घडवला तो ऑनलाइन प्रकाशनाने. १९९०मध्ये ‘पोस्टमॉडर्न कल्चर’ हे नियतकालिक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघालं. २००२च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावं अशी मागणी मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकन तत्त्वज्ञ आर्नल्ड बर्लिअंट यांनी ‘कंटेम्पररी इस्थेटिक्स’ हे सर्वांना खुलं ऑनलाइन नियतकालिक सुरू केलं. कागदावर रंगीत छपाई महाग पडे, त्यामुळे रंगाविषयीचा सगळा युक्तिवाद करड्या छायाचित्राच्या आधारे चाले. संगीतावरच्या लेखात फार तर स्वरलिपी देता येई. पडद्यावर रंग, आवाज, हलती दृश्यं लेखातच बसतात. या विषयाला ते फार आधी मिळायला हवं होतं.

हक्कांचा पेच मात्र वाढला. छापील अंकाची परवानगी ठराविक प्रतींपुरती मागता येई. ऑनलाइन लेख जगभर आणि कायमचा दिसतो, आणि तेवढी मोकळीक द्यायला हक्कधारक कचरतात. पिकासो १९७३मध्ये वारले. युरोपात बहुतेक देशांत मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून त्यांच्या ‘गेर्निका’ या चित्रावर लिहिणाऱ्याला तिथे २०४३ संपेपर्यंत तो विचारात घ्यावाच लागेल. जुन्या चित्रांचं थोडं सोपं झालं आहे. हक्क संपलेल्या चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा कॉपीराइट लागत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९मध्ये दिला. २०१७मध्ये तिथल्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या सुमारे पावणेचार लाख प्रतिमा कुणालाही वापरायला खुल्या केल्या.

चित्राच्या शब्दवर्णनाची अट सगळ्यांत नवी. दृष्टिहीन आणि इतर अपंग वाचकांसाठीचे वेबचे निकष १९९९मध्ये आले आणि ही अट त्यांतून आली. अनेक लेखक ते वर्णन शेवटच्या दिवशी उरकतात. ‘खिडकीशी उभी असलेली स्त्री’ लिहायचं की ‘वाट पाहणारी स्त्री’? पहिल्यात फक्त दिसणारं आहे, दुसऱ्यात अर्थ लावून झाला आहे. लेखाचा मुद्दाच तिच्या वाट पाहण्याविषयी असेल तर वर्णनात ते आधीच गृहीत धरणं म्हणजे पुरावा स्वतःच तयार करण्यासारखं, त्यामुळे तिथे पहिलंच वाक्य लिहावं.