दस्तऐवज बनवणाऱ्या लायब्ररीमागची साठ वर्षे

हापूसचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराकडे वाशीहून हिशोबाची पट्टी येते: पेट्या किती, भाव काय लागला, भाडे, हमाली वजा जाता हाती किती. हीच पट्टी त्याला मोबाइलवर पीडीएफ म्हणून हवी असते, हिशोब लिहिणाऱ्याला एक्सेलमध्ये आणि सोसायटीत कर्जाच्या कागदांना जोडायची तर छापील. कोकणात अशा व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही सगळी रूपे एकाच लायब्ररीतून, म्हणजे प्रोग्रामांत वापरायच्या तयार कोडातून, हवी असतात. तिचा आराखडा कागदावर उतरवण्याआधी हा प्रश्न यापूर्वी कोणी कसा सोडवला, ते पाहायला हवे.

१९६४च्या सुमारास एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी 'रनऑफ' हा मजकूर मांडून छापणारा प्रोग्राम लिहिला. मजकुराच्या अधूनमधून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी, त्यांत मांडणीच्या सूचना. त्याच वळणावर बेल लॅब्समध्ये जो ओसाना यांनी 'एनरॉफ' आणि 'टीरॉफ' तयार केले. पहिला साध्या टर्मिनलसाठी, दुसरा फोटोटाइपसेटरसाठी (प्रकाशाने अक्षरे उमटवणाऱ्या छपाईच्या यंत्रासाठी), पण मूळ फाइल दोघांनाही एकच चाले. अडचण अशी, की टीरॉफ एकाच टाइपसेटरला जखडलेला होता. १९७७ मध्ये ओसाना वारले. त्यानंतर ब्रायन कर्निघन यांनी टीरॉफला यंत्रापासून सोडवले: टीरॉफने एक मधले रूप बाहेर टाकायचे आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळ्या छोट्या प्रोग्रामने ते वाचायचे. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममधली डीव्हीआय ही मधली फाइल याच विचाराची.

दुसरा धागा आयबीएममधला. १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची भाषा मांडली, तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले. मजकूर दिसतो कसा हे न लिहिता तो आहे काय, शीर्षक की परिच्छेद की तळटीप, एवढेच लिहायचे, हा तिचा आग्रह. वेबपानांची एचटीएमएल आणि माहितीच्या देवाणघेवाणीची एक्सएमएल या भाषा तिथूनच आल्या.

हे दोन धागे सर्वांत नीट एकत्र आले ते जॉन मॅकफार्लेन यांच्या पॅनडॉक या फाइलींचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये, २००६ साली. पाच प्रकारच्या फाइली वाचून सहा प्रकारच्या लिहायच्या, तर सुटे रूपांतरक तीस लागतात. मध्ये दस्तऐवजाचे एक समाईक झाड (शीर्षक, परिच्छेद, तक्ते यांची फांद्यांसारखी रचना) ठेवले की पाच वाचक आणि सहा लेखक, एकूण अकरा. किंमतही आहे: त्या झाडात ज्याला जागा नाही ते वाटेत गळते, गुंतागुंतीच्या तक्त्यांत तर हमखास.

२००१ मध्ये सुरू झालेल्या जॅस्पररिपोर्ट्स या अहवाल बनवणाऱ्या लायब्ररीने उलटा रस्ता धरला. आधी पाने भरायची, मग तीच पाने पीडीएफ, एचटीएमएल, एक्सेलमध्ये उतरवायची. पीडीएफसाठी हे छान चालते. एक्सेलमध्ये मात्र पानावरची जागा सांभाळायला रिकामे रकाने आणि जोडलेले सेल येतात, आणि त्यातून बेरीज करणाऱ्याचे हाल होतात. पट्टीसारख्या आकड्यांच्या कागदाला हा रस्ता चुकीचाच, असे माझे मत आहे. आकडे झाडात आकडे म्हणूनच राहिले पाहिजेत. पाने पाडण्याचे काम फक्त पीडीएफ लिहिणाऱ्या भागाचे.

हा सगळा इतिहास रोमन लिपीच्या भोवती घडला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डीटीपीसाठी जे मराठी फॉन्ट आले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की समोर निरर्थक इंग्रजी अक्षरे. भारतीय लिप्या साठवण्याचे १९९१चे इस्की मानक होते, जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची, पण छापखान्यांच्या फाइली पुढे कितीतरी वर्षे जुन्याच पद्धतीत राहिल्या.

युनिकोडनेही काम संपले नाही. 'सिंधुदुर्ग' साठवताना पहिली वेलांटी 'स'नंतर येते, दिसताना आधी. 'र्' साठवला जातो 'ग'च्या आधी, दिसतो त्याच्या डोक्यावर. अक्षरे आली तशी पानावर ठेवणाऱ्या पीडीएफ लायब्ररीत वेलांटी उजवीकडे पडते आणि रफार बनतच नाही. त्यासाठी हार्फबझसारखे अक्षरजुळणी करणारे इंजिन लागते. ते पीडीएफच्या टप्प्यावरच चालवायचे. एचटीएमएल आणि वर्डच्या फाइलीत मूळ युनिकोडच जायला हवे, कारण तिथे जुळणी ब्राउझर आणि वर्ड स्वतः करतात. शिवाय 'ल' आणि 'श'ची मराठी वळणे अनेक फॉन्टांत भाषा मराठी आहे हे कळल्यावरच उमटतात. म्हणून मधल्या झाडात प्रत्येक परिच्छेदासोबत भाषेची नोंद हवी. ती नसेल तर पट्टी वाचता येईल, पण वळण हिंदीचे असेल.

पीडीएफमध्ये मुळात साठतात त्या अक्षरांच्या आकृत्या. कोणती आकृती कोणत्या अक्षराची, याचा तक्ता वेगळा जोडावा लागतो. तो नीट नसला तर पानावर मजकूर सुबक दिसतो आणि शोधला की सापडत नाही. म्हणून चाचणीत 'सिंधुदुर्ग', 'किल्ला' आणि 'दऱ्या' हे तीन शब्द असू द्यावेत, आणि तयार झालेल्या पीडीएफमधून ते परत काढून मूळ मजकुराशी ताडून पाहावेत.